ताई, ते रेडिओवरलं हाय!

क्विझमास्टर होण्याचा थाट काय असतो, ते हातात माइक आल्याशिवाय कळत नाही. उत्तरं आपल्या कागदावर, म्हणजे आपण हुशार! १४ एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात प्रश्नमंजूषा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कारण एकच, माझी शाळा कॉन्व्हेंट. बाबासाहेबांच्या इंग्रजी मुलाखती ऐकून प्रश्न कोण काढणार? अंबाजोगाईच्या आमच्या होस्टेलवर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

शेवटचा प्रश्न असा होता: "१९५५ मध्ये बाबासाहेबांनी गांधीजींविषयी बीबीसीला मुलाखत दिली. ती कोणत्या माध्यमासाठी? वृत्तपत्र, रेडिओ की टीव्ही?"

केज तालुक्यातला फर्स्ट इयरचा एक मुलगा उठला. "रेडिओ."

"चूक! टीव्ही. अरे, सगळ्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ आहे की!"

हॉल हसला. तो उभाच. "ताई, ते रेडिओवरलं हाय. त्यातले फोटो हालंनात की."

हॉल आणखी हसला. मीही हसले. त्या एका प्रश्नावर त्याची टीम हरली.

रात्री रूमवर आल्यावर उगाच चुटपुट लागली, म्हणून तो व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी इयरफोन काढून ठेवले. एक फोटो, मग दुसरा, मग तिसरा... ओठ एकदाही हलत नाहीत! कुणीतरी रेडिओवरच्या आवाजाला फोटो चिकटवले होते. मी तो व्हिडिओ निदान सहा वेळा पाहिला होता. नाही, पाहिला नव्हता, ऐकला होता. इंग्रजी समजतंय या आनंदात माझे डोळे बंद होते. त्याला इंग्रजी फारसं कळलं नाही, म्हणून त्याने नीट पाहिलं.

गोंधळ का होतो तेही मग लक्षात आलं. बाबासाहेब बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर खरंच बोलले आहेत, पण ते १९५३ मध्ये, आणि विषय वेगळा. भारतात संसदीय लोकशाही चालणार नाही, कारण इथली समाजरचनाच तिच्याशी जुळत नाही, असं ते त्यात सांगतात. तिथे ओठ हलतात. आपण या दोन मुलाखतींची एकच करून टाकली. आपल्या टीव्हीने तर त्यांना कधी पाहिलंच नाही. महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं. दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ ला आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला!

मित्रांनो, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकन टीव्हीवर स्वतःचा शो असणारा पहिला कृष्णवर्णीय कलावंत कोण, तर नॅट किंग कोल, १९५६, असं अनेक जण छातीठोक सांगतात. पण पियानोवादक हेझल स्कॉट या कृष्णवर्णीय बाईंचा शो १९५० मध्येच होऊन गेला होता. कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा आरोप झाला आणि काही महिन्यांत तो बंद पडला. त्याचं चित्रीकरण आज उपलब्ध नाही. गोऱ्या-काळ्यांचं टीव्हीवरचं पहिलं चुंबन (संपादक सर, कात्री नको!) म्हणून 'स्टार ट्रेक'चा २२ नोव्हेंबर १९६८ चा भाग सांगतात. ब्रिटनच्या आयटीव्हीवर ते १९५९ मध्येच एका नाटकात दिसलं होतं. म्हणजे फंडा सोपा आहे: ज्याची टेप उरली आणि जे जगभर पोचलं, ते 'पहिलं'. बाकीचे विसरले जातात. हेझलबाईंचं चित्र हरवलं म्हणून त्या विसरल्या गेल्या. बाबासाहेबांच्या आवाजाला चित्र नव्हतं, म्हणून आपण ते चिकटवलं. पण ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, त्या माणसाचा आवाज बीबीसीने टिपून ठेवला, हे पुरेसं मोठं नाही का? त्याला खोट्या टीव्हीची गरज काय?

आणि त्या रेडिओ मुलाखतीत बाबासाहेबांची तक्रार काय आहे माहितीये? गांधीजींची इंग्रजी आणि गुजराती पत्रं शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचत नाही, सगळे इंग्रजीवरच विसंबतात! हे वाक्य मी सहा वेळा ऐकलं होतं, आणि तरीही स्टेजवरून "चूक" म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर दुरुस्ती लावली, खाली स्वतःचं नाव घालून. मेसच्या रांगेत त्याला गाठून सॉरी म्हटलं. बक्षीस आधीच वाटून झालं होतं.

तो म्हणाला, "बक्षिसाचं राहू द्या, ताई. त्यात बाबासाहेब काय म्हणायलेत, तेवढं मराठीत सांगा."

त्या रात्री लाइट गेली होती. पोर्चच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस जण बसले. मोबाईल उलटा ठेवला, म्हणजे फोटो दिसू नयेत. एकेक वाक्य थांबवून मी मराठीत सांगत गेले. तीन ठिकाणी अडले. तिन्ही वेळा त्यानेच म्हटलं, "पुन्हा लावा की."