न पाहिलेल्या मैत्रिणीचं देणं

मी शिकले ती अनेकांच्या उपकारांवर. वाईच्या शाळेतल्या बाईंचं, आईचं, नवऱ्याचं ऋण मी बोलून दाखवू शकते. पण त्या यादीत एक बाई अशी आहे, जिचा चेहरा मी कधी पाहिला नाही आणि आवाज कधी ऐकला नाही. आम्ही एका वर्गात होतो, आणि तो वर्ग सेकंड लाइफ नावाच्या आभासी जगातल्या एका बेटावर भरायचा.

२००९ साल होतं. लग्नानंतर मी इंग्लंडात लेस्टरला राहत होते आणि एका ब्रिटिश विद्यापीठाचा शिक्षणशास्त्राचा दूरस्थ अभ्यासक्रम करत होते. सेकंड लाइफ कॅलिफोर्नियातल्या लिंडन लॅबने २००३ मध्ये सुरू केलं. त्यात हार-जीत नाही. आपला अवतार घ्यायचा, हिंडायचं, उडायचं, जागा मिळेल तिथे काहीतरी बांधायचं. जमिनीचा एकेक तुकडा २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. विद्यापीठांनी तिथे बेटंच घेतली होती. हार्वर्डच्या कायदा शाखेने २००६ मध्ये तिथे वर्ग चालवला होता. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये पॅरामेडिकचे विद्यार्थी तिथल्या आभासी रुग्णांवर उपचारांचे निर्णय घ्यायला शिकत. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर आणि हवामान संस्थेच्या बेटावर आम्हीही सहलीला गेलो होतो. त्सुनामीचं पाणी किनारा ओलांडून घरांवर येताना मी तिथे पाहिलं. पुस्तकात कितीदा वाचलं होतं, पण पोटात गोळा आला तो तिथे.

वर्गात बोलणं मात्र मला जमेना. २००७ पासून तिथे आवाजाची सोय झाली होती, त्यामुळे सगळे माइकवरून बोलत. कोणी स्कॉटिश, कोणी वेल्श. मी मराठी माध्यमातली. वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग एका संध्याकाळी तांबड्या केसांच्या एका अवताराने लिहिलं, की मला ऐकू येत नाही, वर्ग लिहून चालवता येईल का? तिच्या लिहिण्यात संकोच नव्हता की चिडचिड नव्हती. लिहिण्यात वेळ जातो, असं एक-दोघांनी म्हणून पाहिलं. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून वर्ग लेखी केला.

त्या जगात कोणी टाइप करू लागलं की त्याच्या अवताराचे हात हवेत उठतात आणि कळफलकावर फिरल्यासारखे हलू लागतात. ते हात दिसले की ती थांबायची, आणि तिच्यामुळे सगळेच थांबायला शिकले. माझे हात उठले की अख्खा वर्ग माझ्या वाक्यासाठी थांबत होता. परक्या भाषेत माझ्यासाठी कोणी थांबण्याची ती पहिली वेळ. मी लिहू लागले, मग वाद घालू लागले. तासानंतर सगळा संवाद हाती यायचा, तो मी रात्री पुन्हा वाचायची. तिने स्वतःसाठी जे मागून घेतलं, त्यावर मी शिकले.

सत्राच्या शेवटी शिकवण्याजोगी एक जागा बांधायची होती. मी वाईच्या आमच्या वाड्याची ओसरी बांधायला घेतली. तिथे तेव्हा सगळं बांधकाम ‘प्रिम’ नावाच्या साध्या ठोकळ्यांमधून व्हायचं. एक ठोकळा घ्यायचा आणि लाल, हिरवा, निळा बाण धरून सरकवायचा. माझे खांब जमिनीवरून वर तरंगत राहायचे. ती आपणहून आली, कॅमेरा खांबाच्या बुडाशी कसा न्यायचा ते दाखवलं आणि मग विचारत बसली: इथे कोण बसतं? दुपारी काय चालतं? मी सांगितलं, आजी इथे धान्य निवडते आणि झोपाळ्यावर बसवून नातवंडांकडून पाढे म्हणून घेते. दुसऱ्या दिवशी कड्यांचा झोपाळा तयार होता. तो हलावा म्हणून लागणारी स्क्रिप्टही तिनेच लिहिली होती. त्या ओसरीवर मी माझ्या वर्गाला पावकी आणि निमकी शिकवली. पावकी सगळ्यात लवकर तिला आली.

अभ्यासक्रम संपला, पुढे बेट आवरलं गेलं. बांधलेल्या वस्तू ज्याच्या त्याच्या सामानात परत गेल्या. माझ्या खात्यात तो झोपाळा अजून आहे. त्याच्या माहितीत मालक म्हणून माझं आणि निर्माता म्हणून तिचं नाव आहे. तिच्या ईमेलवर पाठवलेली पत्रं मात्र काही वर्षांनी परत येऊ लागली.

भारतात परतल्यावर, २०२० मध्ये मी पुण्यात बी.एड.च्या मुलींना ऑनलाइन शिकवत होते. त्या ऑगस्टमध्ये आयआयटी मुंबईने पदवीदान समारंभ आभासी घेतला. विद्यार्थ्यांच्या अवतारांना संचालकांच्या अवताराच्या हातून पदवी मिळाली. हा काय पोरखेळ, असं मला कोणी कोणी म्हणालं. मला तसं वाटलं नाही. त्या अवतारामागचं माणूस खरं असतं, हे मी अनुभवलं होतं. माझ्या वर्गात गडहिंग्लजकडची एक मुलगी होती. तिच्याकडे रेंज जेमतेम, कॅमेरा लावला की आवाज तुटायचा. मी सगळ्यांनाच लिहून बोलायला सांगितलं आणि ती लिहीत असली की थांबत गेले. वर्षभरात सर्वांत नेमके प्रश्न तिचे आले.

आता दरवर्षी पहिल्या तासाला मी त्या तांबड्या केसांच्या बाईची हकिकत सांगते आणि विचारते, कोणाला काय अडतं? त्या तासाला बहुधा कोणी बोलत नाही. दोन-चार दिवसांनी एखादी चिठ्ठी येते, एखादा मेसेज येतो, आणि मी तासाची आखणी बदलते.