गरी, तंगूस आणि बाबांचे बूट

गरवायला काय काय लागतं असं इंटरनेटला विचारलंत, तर तो तुम्हाला थेट रॉड आणि रीलपाशी नेऊन उभा करतो. कार्बनचा रॉड, अमुक बेअरिंगचं रील, अंधारात चमकणारी प्लास्टिकची कोळंबी. आमच्या रत्नागिरीत मात्र पुष्कळ लोक अजून हातानेच गरवतात. (गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. घाटावरच्या मित्रांना दरवेळी समजावून सांगावं लागतं, पण दुसरा शब्द मला वापरवत नाही.) पाण्याची रिकामी बाटली, तिच्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गरी. बाटलीचं तोंड पाण्याकडे धरायचं आणि दुसऱ्या हाताने शिसं गरगर फिरवून सोडून द्यायचं. तंगूस बाटलीवरून सरसर सुटत जातो. महागडं रील करतं तेच काम, फुकटात.

बाबा असंच गरवतात. निवृत्त झाल्यापासून तर भाट्याच्या खाडीकडे जाणं हीच त्यांची नोकरी आहे. मी पुण्याहून येताना दरवेळी त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन येते आणि ते दरवेळी म्हणतात, "अगो, ह्याने मासा जास्त येणार का?" नाही येणार. मी आणते त्या वस्तू मासा मिळाल्यावर, किंवा माणसालाच काही झाल्यावर उपयोगी पडणाऱ्या असतात. दुकानदार त्या कोपऱ्यात टांगून ठेवतात.

पहिली वस्तू म्हणजे लांब चोचीची पक्कड. माझ्या मते रॉडच्या आधी ही घ्यावी. माशाने गरी खोल गिळली असेल तर बोटं घालून ती काढायला जाऊ नये, विशेषतः समोर केंड असेल तर. केंडाचे दात तंगूस कात्रीसारखा कापतात, बोटाचं काय घेऊन बसलात. (आणि केंड खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.) पक्कडीचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा: गरीच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो तिने चेपून सपाट करून टाकायचा. एखाददुसरा मासा निसटतो, खरं आहे. पण ती गरी कधी ना कधी तुमच्या किंवा शेजारच्या पोराच्या अंगठ्यात रुतणार असते, आणि सपाट केलेली असली तर आल्या वाटेने निघते. काटा शाबूत असेल तर उलटी ओढू नका. गरी जराशी पुढे ढकलून टोक बाहेर काढायचं, काटा तोडायचा आणि मग मागे घ्यायची. हे दवाखान्यात केलेलं बरं. डोळ्याजवळ रुतली असेल तर हातही लावायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दोन्ही बाबतींत विचारून घ्यावं.

गरीच्या नंबरांचा घोळही इथेच सांगून टाकते, कारण ऑनलाइन मागवताना सगळे फसतात. दहापेक्षा सहा नंबरची गरी मोठी, सहापेक्षा एक नंबरची त्याहून मोठी. एकाच्या पुढे उलटं सुरू होतं: १/०, २/०, ३/०, आणि आता आकडा वाढेल तशी गरीही वाढते. मुडदुशीला बारीक गरी हवी, तांबोशीला दणकट.

शेंगटीसाठी जाड कापड लागतं. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. टोचली की हात खांद्यापर्यंत ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका उतरतो, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं. हे आमच्याकडे जुन्या बायकांनाही ठाऊक आहे.

आता पायांकडे येते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात बाबा ओहोटीवरून घरी आले, पाय धुतले, चहा प्यायले आणि पेपर वाचत बसले. आईला लादीवर लाल ठसे दिसले, पडवीपासून खुर्चीपर्यंत, एकाच पायाचे. कालवाच्या कवचाने तळवा दीड इंच चिरला होता. बाबांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांना सतरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि खडपावर ते कायम अनवाणी जात. शेवाळावर चप्पल घसरते, पायाच्या बोटांनी दगड धरता येतो, हे त्यांचं म्हणणं. चुकीचंही नव्हतं, जोवर बोटांना दगड कळत होता तोवर.

जखम भरायला सात आठवडे गेले. मधल्या एका तपासणीला मी बरोबर होते. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक छोटी दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा ताठ धागा होता. बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्यावर एकेका जागी तो धागा वाकेपर्यंत टेकवला. धागा वाकतो तेव्हा बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. तेवढा जाणवला नाही तर तो पाय धोक्यात आहे असं धरतात.

"लागलं की हो म्हणा," डॉक्टर म्हणाले.

बाबा गप्प. अंगठ्याखाली, करंगळीखाली, चवड्याच्या मध्ये. टाचेवर कुठेतरी एकदा "हो" आलं. मग त्यांनी डोळे उघडले, धागा पाहिला आणि म्हणाले, "हा तर तंगूस!"

जातीने तंगूसच होता तो. मी कितीतरी रात्री बाबांच्या शेजारी बसले आहे. तर्जनीवरून गेलेल्या तंगुसावरून ते सांगतात, हा खेकडा कुरतडतोय, ही काळुंदर आहे, आता थांब, हा मोठा आहे. वीस वाव खोल अंधारातलं त्यांच्या बोटाला कळतं. परतीच्या रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत.

डॉक्टरांनी खाडी बंद सांगितली नाही, अनवाणी जाणं बंद सांगितलं. आईने मात्र दोन्ही बंद करून टाकलं. मला आईचा राग कळत होता. तिच्या भावाचा पाय घोट्यापासून काढलेला तिने पाहिला आहे. पण घरात बसलेले बाबाही मला पाहवेनात. दिवसभर टीव्ही चालू, आवाज बंद. म्हणून मी बूट शोधायला लागले.

पाण्यात घालायचे स्वस्त रबरी बूट आधी बाद केले, कारण कालवाची धार पातळ तळातून आरपार जाते. खडपासाठी फेल्टच्या तळाचे बूट मिळतात. दाबलेल्या लोकरीसारखा तो थर ओल्या शेवाळावर रबरापेक्षा चांगला धरतो. चिखलात मात्र त्याचा उपयोग नाही. माप संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभरात पाय सुजतात. आत शिवण नको, बोटांना जागा हवी. शिवाय पांढरे मोजे: रक्त आलं तर लगेच दिसावं म्हणून. घालण्याआधी बुटात हात घालून वाळू, शिंपला काढायचा, आल्यावर पाय धुऊन, पुसून, आरशात तळवे बघायचे. आणि शेंगटी पायाला टोचली तर गरम पाणी आधी आईच्या हाताने तपासायचं, बाबांच्या पायाने नाही, त्या पायाला भाजलेलंही कळणार नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एक अट घातली: उधाणाच्या दिवशी खडपावर जायचं नाही. बाबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ढोबळ हिशोब आहे, पण बरा जुळतो. आता आईही कालनिर्णय बघून तोच हिशोब करते आणि वेळेवर फोन लावते. "पाणी भरायला लागलं, निघा." डोक्याला बांधायची बॅटरी आणि कंबरेला फुगणारं जॅकेट मी आणून ठेवलंय. बॅटरी वापरतात. जॅकेटवर मांजर झोपते.

बूट पहिल्यांदा घालून गेले तेव्हा बाबांनी घरी आल्यावर तक्रारींचा पाढाच वाचला. जड होतात, पाणी भरतं, माशाला चालण्याचा आवाज जातो. तरी दुसऱ्या दिवशी घालून गेले. गेल्या महिन्यात एक जिताडा आणला, साडेतीन किलोचा, आणि फोटोत तो असा धरला की बूट दिसू नयेत.

या खेपेला पाहिलं तर बुटांना लेस नव्हती. ओली होऊन सुटते म्हणून त्यांनी ती काढून तिथे तंगूस ओवला होता. इतका बारीक धागा पायावर काचला तर त्यांना कळणार नाही, यावरून आमचं भांडण झालं. मी रुंद इलॅस्टिकच्या लेस मागवल्या. त्या आल्यात, आई म्हणते, पण अजून पाकिटातच आहेत.