टर्बो बदलण्याआधी

चि. नितीन यास,


सिग्नलवरून निघताना गाडी उचलत नाही आणि गॅरेजवाला टर्बो बदलायला सांगतोय, हे कळलं. पैसे मोजण्याआधी हे पत्र नीट वाच. 'पिकअप नाही' या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी असू शकतात. त्यातलं आपलं कुठलं, हे ओळखणं ड्रायव्हरच्याच हातात असतं, कारण स्टेअरिंगवर रोज तू बसतोस, मिस्त्री नाही.

पहिलं काट्याकडे बघ. लोड असताना आरपीएम चढतो, आवाज वाढतो, पण गाडी तेवढी पुढे जात नाही, वर जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरतेय. मग इंजिनला हात लावू देऊ नकोस.

दुसरं, मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतं का? मोकळ्या रस्त्यावर ब्रेक फारसा न लावता थोडं अंतर चालव. मग उतरून प्रत्येक ड्रमजवळ हात ने, टेकवू नकोस. एकच ड्रम भट्टीसारखा तापला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. निघण्याआधी ब्रेकच्या हवेचं गेजही बघत जा. हवा पुरेशी भरल्याशिवाय पार्किंग ब्रेकची स्प्रिंग पूर्ण दबत नाही आणि मागची चाकं अडून राहतात.

या दोन्हीत काही सापडलं नाही, तरच इंजिनकडे वळ आणि धुराचा रंग बघ. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर काढून बघ. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होजवर बोट फिरव. क्लॅम्पखाली तेलकट ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, की हवा तिथूनच निसटतेय असं समज. टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. उभी गाडी हलवताना तो जोर नसतोच, म्हणून पहिल्या क्षणी टर्बोची मदत जवळजवळ शून्य. होज गळकी असेल, तर ही मदत आणखी उशिरा मिळते. टर्बो धडधाकट असतानाही गाडी मरगळते ती अशी.

धूर फारसा नाही आणि दमही नाही, तर डिझेल पोचत नसावं. फिल्टर चोक झालाय का, वॉटर सेपरेटरमध्ये पाणी साठलंय का, टाकीपासूनचा पाइप कुठे हवा घेतोय का, ते बघ. एक्झॉस्ट ब्रेकची झडप अडकली, तरीही इंजिन गुदमरतं. मात्र कॉमन रेलचा नट चालू इंजिनवर कधीही सैल करू नकोस. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

तुझी गाडी 1 एप्रिल 2020 नंतरची, बीएस-6 आहे. धूर साफ करायला लागणारा युरिया संपला किंवा भेसळीचा निघाला, तर आधी दिवा लागतो आणि मग कॉम्प्युटर मुद्दाम ताकद कापतो. त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा असेल, तर आधी स्कॅनर लावायला सांग.

चौकात गाडी वेळेवर उचलली नाही, तर आडव्या येणाऱ्याचा तिच्याबद्दलचा अंदाज चुकतो. म्हणून दुरुस्ती लांबवू नकोस. पण गॅरेजात जाशील तेव्हा लोड किती होता, गिअर कुठला, काटा कुठे अडला, धूर कसा होता, हे सगळं कागदावर लिहून ने. एवढं हातात असलं, की चांगला मिस्त्री थेट दुखण्यावर बोट ठेवतो. तीच यादी मलाही पाठव.

तुझा,
मामा