बाहेरून मिळालेली लय

बाबांची पावलं आखूड झाली ती पायांतली ताकद गेली म्हणून नव्हे. पार्किन्सनच्या आजारात मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या, आणि चालण्याची जी लय आपल्याला न मागता मिळते तीच हरवली. उंबऱ्याशी तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेच बाबा ट्रेडमिलवर लांब पावलं टाकतात! पट्टा मागे सरकतो, पाऊल पुढे टाकावंच लागतं. (कमरेला पट्टा बांधून आणि फिजिओथेरपिस्ट शेजारी असतानाच, हे मात्र पक्कं.)

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत याच आजाराचे १२८ रुग्ण होते, निदान नुकतंच झालेले, औषधं अजून सुरू न झालेले. आठवड्यातून चार दिवस, हृदयाची गती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांवर नेऊन चालायला सांगितलेल्या गटाची लक्षणं सहा महिन्यांत जवळजवळ वाढली नाहीत. बाबांचा आजार जुना, तो वेग त्यांच्यासाठी नाही. तरीही गोळ्यांच्या चिठ्ठीवरच चालण्याचा व्यायामही लिहून द्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

उद्या विचारायचंय: घरात, जमिनीवर ट्रेडमिलवरचीच लय टिकावी म्हणून मेट्रोनोमचा ठोका लावून पाहावा का?