टाळी कधी वाजवावी?

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, प्रायोगिक जॅझ समोर बसून कधी ऐकलंय का? मी नुकतंच मुंबईत ऐकलं. ओळखीची चाल नाही. सॅक्सोफोन मध्येच किंचाळतो, ड्रम एकदम गप्प होतो. जॅझमध्ये एकाचं एकल वादन संपलं की रचना चालू असतानाच टाळ्या पडतात, ती बेशिस्त नव्हे. पण बास अगदी हळू वाजत असताना शेजारी मोबाईल उजळला, कुजबुज झाली अन् ते सूर हरवलेच.

१९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉटमध्ये ऑर्नेट कोलमन यांची पियानो नसलेली चौकडी ऐकून श्रोत्यांत दोन तट पडले होते. न आवडलं तरी हरकत नाही, पण आधी ऐकून तर घ्यावं!

स्नेहसंमेलनात आपलं मूल नाचून उतरलं की आपण उठतो. पुढच्या मुलाला समोर रिकाम्या खुर्च्या दिसतात. यंदा शेवटपर्यंत बसूया.