दोन माणसांचा किराणा

वाचकहो, वय वाढले की भूक मंदावते, हे आपण सर्वांनीच गृहीत धरले आहे. त्यात तथ्य आहेच. परंतु तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षे दवाखाना चालवताना मला एक निराळाच क्रम पुष्कळदा दिसत आला आहे. आधी ताटातले पदार्थ कमी होतात आणि भूक त्यांच्यामागून जाते.

वजन उतरले, पायांत बळ राहिले नाही, अशी तक्रार घेऊन ज्येष्ठ मंडळी येतात. ‘जेवण कसे आहे?’ असे विचारले तर ‘व्यवस्थित आहे’ हेच उत्तर मिळते. म्हणून मी विचारतो, ‘काल रात्री काय जेवलात?’ मग क्षणभर शांतता पसरते. चहा आणि टोस्ट. सकाळचा भात आणि लोणचे. एकटीसाठी काय गॅस पेटवायचा, म्हणून दूध-बिस्किट.

सत्तरी ओलांडलेल्या एक बाई मला आठवतात. पती निवर्तलेले, हाती तुटपुंजे निवृत्तिवेतन. पहाटे दरदरून घाम आणि चक्कर, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना आणले. रक्तातील साखर ५८ होती. ‘गोळी एकदाही चुकवली नाही हो डॉक्टर,’ त्या अभिमानाने म्हणाल्या. ते खरेच होते. महिन्याच्या पैशांतून त्या आधी औषधे घेत, मग वीजबिल भरत, आणि उरेल त्यात स्वयंपाक करीत. गोळी वेळेवर पोटात जात होती. तिच्यासोबत जायला हवे ते अन्न मात्र जात नव्हते. मधुमेहाच्या काही गोळ्या जेवण चुकल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतात. त्यांच्या मुलाने पुण्याहून प्रथिनांच्या पावडरीचा महागडा डबा पाठवला होता. तो ‘पुरवून वापरायचा’ म्हणून कपाटात तसाच होता.

काटकसर हा आपल्या पिढ्यांचा गुण आहे. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण काटकसरीची कात्री नेमकी कुठे चालते, ते पाहा. साखर, चहा आणि बिस्किटे सहसा कमी होत नाहीत. कमी होतात त्या डाळी, दूध, अंडी आणि पालेभाज्या. म्हणजे ज्यांच्यावर स्नायू आणि हाडे टिकतात तेच पदार्थ. स्नायू गेले की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतो, आणि खुब्याचे हाड मोडल्यावर होणाऱ्या खर्चापुढे वर्षभराची डाळ काहीच नव्हे.

आता थोडा हिशेब मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन ५० किलो असेल तर साधारण ४२ ग्रॅम. ती कुठून मिळतील? दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारी, गहू, बाजरी अशा धान्यातून सुमारे २० ग्रॅम. ६० ग्रॅम डाळ वा कडधान्यातून १३ ते १४ ग्रॅम. एक पेला दूध किंवा दह्यातून ६ ग्रॅम. मूठभर, म्हणजे २० ग्रॅम, शेंगदाण्यांतून ५ ग्रॅम. बेरीज ४४ होते. यात डब्यातली पावडर कुठेही नाही. चालत असेल तर एक अंडे आणखी ६ ग्रॅमची भर घालते, आणि त्याच्या किमतीत बिस्किटांचा एखादा लहान पुडाच येतो.

हाच हिशेब दोन माणसांच्या घरासाठी महिन्यावर न्या. धान्य १२ किलो. डाळी-कडधान्ये मिळून साडेतीन किलोंच्या वर. शेंगदाणे सव्वा किलो. तेल दीड लिटरच्या आत. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा अधिक नको. म्हणजे दोघांना महिन्याला ३०० ग्रॅम पुरे, आणि लोणचे-पापडातले मीठही त्यातच धरायचे. आता आपली मागच्या महिन्याची यादी काढून शेजारी ठेवा. अनेक घरांत डाळ दीड किलो आणि साखर तीन किलो असते. एवढी अदलाबदल केली तरी यादीची एकूण रक्कम फारशी हलत नाही. ताट मात्र बदलते.

माझी आई एक तारखेला वाण्याची यादी करायला बसे, तेव्हा आधी डाळी लिही, मग धान्य, आणि साखर-चहा शेवटी. पैसे कमी पडले तर यादी खालून कापली जाई. तिला प्रथिने हा शब्द ठाऊक नव्हता, पण क्रम ठाऊक होता. तो क्रम आपणही पाळावा, असे मला वाटते.

तूरडाळ महागली की मूग, मसूर, मटकी, हुलगे यांच्याकडे वळावे. हुलग्याचे पिठले, मुगाचे कढण, मटकीची उसळ हे आपल्याच घरांतले पदार्थ आहेत. नाचणीत कॅल्शियम दुधाच्या जवळजवळ तिप्पट असते; तिची आंबील दात नसलेल्यांनाही सोसते. चावता येत नसेल तर शेंगदाण्यांचा कूट करावा, भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करावी. भाजी हंगामातली आणि आठवडे बाजारातली घ्यावी. शेवग्याचा पाला तर अनेकांच्या परसातच असतो. जेवताना लिंबू पिळावे आणि चहा तासाभराने घ्यावा. जेवणाबरोबरच्या चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. शिधापत्रिकेवर धान्य मिळण्यास आपण पात्र असाल तर ते संकोच न करता घ्यावे. तो आपला हक्क आहे, आणि धान्यावरचे वाचलेले पैसे डाळीला व दुधाला लावता येतात.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर डाळी आणि पालेभाज्यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावे.

आता सांभाळ करणाऱ्या मुला-सुनांना आणि लेकी-जावयांना दोन शब्द. दूरध्वनीवर ‘जेवलात का?’ असे विचारू नका, ‘काय जेवलात?’ असे विचारा. भेटीला जाल तेव्हा फळांच्या करंडीऐवजी महिन्याची डाळ भरून द्या, दुधाचा रतीब लावून द्या. बांगड्या सैल झाल्या का, पट्ट्याचे भोक मागे सरकले का, ते पाहा. दरमहा एकाच काट्यावर वजन करून ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सहा महिने ते वर्षभराच्या आत वजन प्रयत्नावाचून वीसाव्या हिश्शाने घटले, म्हणजे ५० किलोंचे साडेसत्तेचाळीसवर आले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्येष्ठहो, आपल्याला एवढेच सांगतो. औषधाची चिठ्ठी आपण निष्ठेने पाळता. वाण्याची यादीही त्याच निष्ठेने लिहा. रात्री एकट्यासाठी का होईना, गॅस पेटवा. गोळी आणि जेवण यांपैकी एकच परवडेल, अशी वेळ आलीच, तर जेवण गुपचूप सोडू नका; डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वस्त पर्यायी औषध बहुधा शोधता येते. न घेतलेल्या जेवणाला मात्र दुसरा पर्याय नसतो.