खिडकीतलं बेट

मीरा रोडला राहून वसईला नोकरी करणाऱ्या मोजक्या सुखी जिवांपैकी मी एक. सकाळी सगळी दुनिया चर्चगेटकडे लोंबकळत असते आणि मी उलट्या दिशेच्या लोकलमध्ये दारात ऐटीत उभा! भाईंदर सुटलं की खाडीचा पूल, मग हिरवंगार काहीतरी, मग पुन्हा पूल आणि नायगाव. ते ‘हिरवंगार काहीतरी’ म्हणजे पाणजू बेट. तीन वर्षं रोज बघितलं, पाऊल मात्र कधी ठेवलं नाही. आपलं असंच असतं ना? विकेंडला अलिबाग, लाँग विकेंडला गोवा आणि खिडकीतलं बेट खिडकीतच!

शेवटी ऑफिसातल्या पाणजूच्या मित्रानेच दम भरला, ‘शनिवारी येतोस की नाही?’

नायगावला उतरलो, धक्क्यावर गेलो, बोटीत बसलो. सोबत भाजीच्या पिशव्या, एक गॅस सिलिंडर, ट्युशनहून परतणारी पोरं. काही मिनिटांचा प्रवास, पण पलीकडे उतरल्यावर कान चुकल्यासारखे होतात. हॉर्नच नाही! बेटाला रस्त्याचा पूल नाही, त्यामुळे मोटारींचा प्रश्नच नाही. कडेला तिवरांची दाटी, चिखलात उड्या मारणारे निवटे, नारळाची झाडं, अंगणात वाळत घातलेली जाळी. घड्याळापेक्षा इथे भरती-ओहोटीला जास्त मान.

मित्राच्या आईने जेवायला तांदळाची भाकरी आणि बोयीचं कालवण वाढलं. तिसरी भाकरी मी मागितली नव्हती. पण नकोही म्हटलं नाही!

संध्याकाळी आम्ही रुळांच्या बाजूला गेलो. याच खाडीवरून १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वे मुंबईत पोचली. तेव्हापासून गाड्या बेटावरून धडधडत जातात, थांबत मात्र नाहीत. एक काका जाळं विणत बसले होते. म्हणाले, ‘बोट नसली की आम्ही पुलावरूनच चालत नायगाव गाठतो. भीती गाडीची नाही रे बाळा, गाडीतून येणाऱ्या पिशव्यांची.’

निर्माल्याच्या पिशव्या. खाडीत पडाव्यात म्हणून भिरकावलेल्या, पण पुलावरच्या माणसांना लागणाऱ्या. २०२५ मध्ये याच बेटावरच्या एका तरुणाचा धावत्या लोकलमधून फेकलेल्या नारळाने जीव गेला. फेकणाऱ्याला वाटतं, आपण हळूच तर सोडलाय. पण नारळ हातातून सुटला तरी गाडीचा वेग त्याच्या अंगात असतोच.

मी गप्प झालो. कारण दर सोमवारी आई माझ्या हातात एक पिशवी देते. ‘खाडीत सोड रे.’ आणि मी पुलावर दारातून ती भिरकावतो, वर नमस्कारही करतो. कधी नारळ असतो, कधी नुसता हार. खाली कोण आहे, हे तीन वर्षांत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. मित्राला हे सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘माझे बाबा रोज याच पुलावरून जायचे.’

परतीच्या बोटीत दोघंही फारसं बोललो नाही.

सोमवारी आईने पिशवी पुढे केली. मी तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ पिशवी हातात धरून उभी राहिली. मग बाल्कनीत गेली, फुलं सोडवली आणि तुळशीच्या कुंडीत मातीखाली दाबली. नारळाची त्या दिवशी चटणी झाली.

जायचंय? नायगाव स्टेशनला उतरा, धक्क्यावरून बोट पकडा. परतीच्या बोटीची वेळ आधीच विचारून ठेवा. पुलावरून चालायचं धाडस नको. आणि हो, हे रिसॉर्ट नाही, लोकांचं घर आहे. फोटो काढण्याआधी विचारा, कचरा आपल्यासोबत परत आणा. बेट बघायला वेळ नसेल तरी चालेल. पुलावर गाडी आली की हात मात्र आत ठेवा.